आयडाबायचा पांढरा मका

गोराईत अल्फान्सोला आडनावाने कोणी ओळखत नाही. खाडीच्या धक्क्यावर उतरून 'पिशवीवाला अल्फान्सो कुठे राहतो' असं विचारलं, की फेरीबोटीचा तिकीटवालासुद्धा बरोबर त्याच्या घराकडे बोट दाखवतो. पिशवीवाला म्हटल्यावर कुणालाही वाटेल, हा गृहस्थ बाजारात पिशव्या विकत असणार. तसं नाही. अल्फान्सोने आयुष्याची सत्तावीस वर्षं मक्याच्या झाडांना कागदी पिशव्या बांधण्यात घालवली आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. होता, असंच म्हणायला हवं. गेल्या आगेऱ्याच्या सणापासून तो या नावाला ओ देत नाही.

बोरिवलीला पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याशी, मक्याचं एक संशोधन केंद्र आहे. एकतिसाव्या वर्षी अल्फान्सो तिथे तण काढायला म्हणून लागला आणि पहिल्याच हंगामात पिशव्यांवर आला. पिशव्यांवर येणं ही तिथे बढतीच. मक्याचा प्रकार असा, की नर डोक्यावर आणि मादी कमरेला. डोक्यावरच्या तुऱ्यातून पराग झडतो, कमरेच्या कणसातून केस बाहेर येतात आणि एकेका केसावर परागाचा एकेक कण पडला की आत एकेक दाणा भरतो. हे लग्न वारा लावतो, आणि वारा काही पत्रिका बघत बसत नाही. केंद्राला मात्र पत्रिका बघूनच लग्न लावायचं असतं. म्हणून केस बाहेर यायच्या आत कणसावर एक पिशवी, तुऱ्यावर दुसरी. सकाळी दव सुकलं की तुरा पिशवीतच झटकायचा, ती पिवळी पूड हव्या त्या कणसावर ओतायची, पिशवी परत बांधायची आणि तिच्यावर पेन्सिलीने तारीख आणि आईबापांची नावं लिहायची. अल्फान्सो दिवसाला तीनशे कणसं करायचा आणि त्याच्या हातच्या कणसात परका दाणा म्हणून सापडायचा नाही.

शिकाऊ पोरंपोरी आली की त्यांना पहिला धडा तोच द्यायचा. छाती पुढे काढून सांगायचा, की मका शुद्ध ठेवायचा तर दुसऱ्या मक्यापासून दोनशे मीटर लांब पेरा. जागा नसेल तर दोघांच्या पेरणीत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे एकाचा तुरा येईल तेव्हा दुसऱ्याचे केस सुकलेले असतील. तेही जमत नसेल तर पिशवी बांधा. चौथा रस्ता नाही. मग खिशातून दोन कणसं काढायचा, एक पांढरं आणि एक पांढऱ्यात पिवळे दाणे असलेलं. म्हणायचा, हे बघा, पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचा पराग पडला की त्याच कणसात, त्याच हंगामात दाणा पिवळा होतो. पिवळा लपत नाही. कुणी चूक केली, कणीस सांगतं.

त्याच्या डोळ्यांदेखत केंद्राचं काम पार बदललं. पूर्वी एक शुद्ध वाण काढायला सात-आठ हंगाम जायचे. मग एक असा मका आला की त्याचा पराग वापरला तर दोन हंगामांत काम फत्ते. पुढे तर प्रयोगशाळेतली मंडळी कोवळ्या पानाचा टिकलीएवढा तुकडा पाडून न्यायची आणि झाड गुडघ्याएवढं व्हायच्या आत ते ठेवायचं की उपटायचं हे संगणक सांगायचा. शेवटच्या वर्षांत अल्फान्सोच्या हातात पिशव्या कमी आणि पानाला भोक पाडायचा चिमटाच जास्त असायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-नारळ घेऊन तो निवृत्त झाला. घरी आला तो त्याच तोऱ्यात. गावात कुणाच्या आंब्याला मोहोर कमी आला तरी हा सल्ला द्यायला हजर.

आता त्याच्या बहिणीबद्दल सांगायला हवं. आयडा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, आईच्या मागे तिनेच घर आणि वाडी सांभाळली. अल्फान्सोचं घर आणि तिचं घर यांच्यात एक विहीर आणि एक बांध, एवढंच. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला आयडा दरवर्षी आईचा पांढरा मका पेरायची. आईला तो तिच्या आईकडून आलेला. झाड उंच, कणीस जेमतेम वीतभर, दाण्यांच्या ओळी वाकड्यातिकड्या. बियाण्याची कणसं ती सालं वेणीसारखी गुंफून चुलीच्या वर टांगायची. धुराने त्यांना किडा लागत नाही. जूनमध्ये तीच कणसं उतरवून सोलायची, मधले दाणे पेरायचे, टोकाचे कोंबड्यांना.

अल्फान्सोला त्या मक्याची लाज वाटायची. हे त्याने कधी कबूल केलं नाही, पण वाटायची. केंद्रातून तो एकदा हातभर लांब, सरळ ओळींचं कणीस घेऊन आला आणि आयडाच्या कणसाशेजारी ठेवून सगळ्यांदेखत हसला. आयडाने ते मोठं कणीस उकडून त्यालाच खायला घातलं.

पंधरा वर्षांपूर्वी केंद्राच्या साहेबांनी हुकूम काढला, की प्रत्येकाने आपापल्या गावचा जुना मका आणून द्यावा, थंड खोलीत जपून ठेवायचा आहे. अल्फान्सोने आयडाची दोन कणसं मागून नेली, दाणे पाकिटात भरले आणि वर लिहिलं, गोराई, पांढरा. खाली रकाना होता, हे वाण कोणी जपलं. तिथे त्याने स्वतःचं नाव घातलं. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही आलं नाही.

ते पाकीट थंड खोलीत पडून राहिलं. मग नमिता नावाची नवी संशोधिका आली, मुलुंडची, चुणचुणीत, तिशीतली. मक्याला एक रोग होतो. खोड आतून सडतं आणि झाड आडवं पडतं. तिने थंड खोलीतल्या दोनशे पाकिटांतले दाणे पेरून सगळ्या झाडांना मुद्दाम तो रोग दिला. बहुतेक लोळली. गोराईची उभी राहिली. पानं तपासल्यावर तिला गुणसूत्रावरचा तो नेमका तुकडाही सापडला, जो या झाडांत होता आणि बाकीच्यांत नव्हता. पण पाकिटात दाणे होते चाळीसच, आणि ते सगळे या कामात संपले. पाकिटावरचं नाव वाचून तिने निवृत्त अल्फान्सोकाकांना फोन केला, तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं झालं.

नमिता फेरीबोटीने गोराईला आली. आयडाला चुलीवरची कणसं उतरवायला लावून तिने तिचा फोटो काढला. अल्फान्सो बाजूला छत्री धरून उभा. तिचं म्हणणं असं, की मावशींनी नेहमीसारखा मका पेरावा आणि त्यातलं दोन किलो शुद्ध बियाणं द्यावं. नोव्हेंबरच्या पेरणीत ते मोठ्या वाणांशी जोडायचं. ही पेरणी चुकली तर वरचे लोक दुसरीकडचा मका घेऊन पुढे जाणार होते. तिने पिशव्याही आणल्या होत्या. आयडाने त्या परत केल्या. माझ्या मक्याला वारा लागू दे, म्हणाली. अल्फान्सो हसून म्हणाला, की पिशव्या कशाला हव्यात, गावात दुसरं कोणी मका लावतच नाही. नमिताने कागद पुढे केला. दोनशे मीटरच्या आत दुसरा मका नाही, असं त्यावर छापलं होतं. अल्फान्सोने झोकात सही ठोकली. तुरा किती दिवसांनी येतो असाही रकाना होता. त्याने अंदाजाने पंचावन्न लिहिलं. केंद्रातल्या मक्यांना साधारण तेवढेच लागायचे. आयडा आत चहा करत होती. विचारायचं त्याला सुचलंच नाही.

ही सही जूनच्या पहिल्या आठवड्यातली. आयडाने मका पेरला दहा जूनला. आणि एक जुलैला अल्फान्सोने बांधाच्या अलीकडे, आपल्या बाजूला, स्वीटकॉर्नचे चारशे दाणे टोचले.

का टोचले, याचं त्याने लोकांना दिलेलं कारण असं, की मुलगा डेरिक किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना कपातून उकडलेले दाणे विकतो, त्याला घरचा माल मिळेल. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. गावात सगळे आयडाच्या मक्याबद्दल बोलत होते. चर्चमधून बाहेर पडताना बाया तिचा हात धरून विचारायच्या, तुझ्या मक्यात काय सापडलं म्हणे? सत्तावीस वर्षं मक्यात घालवली ती याने, आणि कौतुक चुलीपाशी बसलेल्या बहिणीचं. त्याला एकदा गावाला दाखवायचं होतं की मका कसा असतो. हेवा म्हणतात तो हाच.

नियम तो विसरला नव्हता. मधलं अंतर जेमतेम चाळीस पावलांचं, म्हणून त्याने दुसरा नियम धरला. तीन आठवडे उशिरा पेरला, म्हणजे आयडाच्या मक्याचं लग्न उरकल्यावर याचा तुरा येणार. हिशेब चोख होता, फक्त त्यातला पंचावन्नचा आकडा मनाचा होता. स्वीटकॉर्न घाईचं पीक. आयडाचा मका सावकाश वाढणारा, आधी उंच होणार, मग तुऱ्याचं बघणार. दोन्ही एकाच दिवशी पेरले असते तर याचा तुरा कधीच झडून मोकळा झाला असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. या शहाण्याने मुद्दाम थांबून, तारीख धरून, दोघांची गाठ घालून दिली.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पावसाने चार दिवस उघडीप दिली. पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास अल्फान्सो वाडीत गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या स्वीटकॉर्नचे तुरे पूर्ण फुलले होते, बोटाने टिचकी मारली तर पिवळी पूड उडत होती. बांधापलीकडे आयडाच्या कणसांना कोवळे, ओलसर केस नुकते फुटले होते. वारा समुद्राकडून, सरळ तिच्या बाजूला. शिकाऊ पोरालासुद्धा समजलं असतं.

घरात जाऊन त्याने कोयता आणला. चारशे तुरे कापायचे म्हणजे अर्ध्या सकाळचं काम. मग कोयता हातात घेऊन तो विचार करत बसला. तुरे कापले की आयडा विचारणार, का कापलेस. शेजारी विचारणार. पिशवीवाल्याची गणितं चुकली हे गावभर होणार. शिवाय तुरे नाहीत म्हणजे त्याच्याही कणसात दाणे नाहीत. मग माणूस अशा वेळी जे करतो तेच त्याने केलं, स्वतःची समजूत घातली. हवा दमट आहे, पराग जड होऊन खाली पडेल. आयडाच्या झाडांचा स्वतःचा पराग आहेच की. चार दिवस तो कोयता घेऊन बांधावर गेला आणि चारही दिवस तसाच परत आला. त्याच आठवड्यात नमिताने फोटो मागितले. त्याने खाडीकडे तोंड करून काढले, म्हणजे मागची बाजू दिसत नाही, आणि खाली लिहिलं, सगळं झकास.

सप्टेंबरच्या मध्यावर स्वीटकॉर्न तोडून डेरिकच्या गाडीवर गेलं. धाटं अल्फान्सोने लगेच कापून शेजारच्या म्हशींना घातली. एवढी घाई कशाला, असं डेरिकने विचारलंही. अल्फान्सो कोयता धुवायला विहिरीवर गेला.

आगेरा आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. नव्या भाताच्या लोंब्या मिरवत चर्चला न्यायच्या, फादर त्यांना आशीर्वाद देणार, मग घरी जेवण. आयडाच्या घरची रीत अशी, की त्या दिवशी सकाळी ओट्यावर वर्षाची पहिली कणसं सोलायची आणि त्यातलं एक भाताच्या लोंब्यांना बांधून चर्चला न्यायचं. नमिता पहिल्या बोटीने आली होती, वजनकाटा, पाकिटं आणि मावशींसाठी मिठाईचा खोका घेऊन. अल्फान्सो इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता.

आयडाने पहिलं कणीस सोललं. पांढऱ्या दाण्यांत फिकट पिवळे दाणे, इथे एक, तिथे दोन, अठरा-वीस तरी असतील. तिने ते मांडीवर ठेवलं आणि दुसरं सोललं. मग तिसरं. नमिताही खाली बसून सोलू लागली. दहा कणसं झाली तरी सगळीकडे तेच. ओट्यावर नुसता सालं फाटल्याचा आवाज.

नमिताने मान वर केली. "काका, आसपास दुसरा मका नव्हता ना? तुम्ही सही केलीये."

अल्फान्सोने मान हलवली. आडवी हलवली. सत्तावीस वर्षांत एक परका दाणा न येऊ देणाऱ्या माणसाने मान हलवून एवढं मोठं खोटं सांगितलं आणि त्याला त्या क्षणी फक्त एवढंच वाटलं, की हे पटकन संपू दे.

तेवढ्यात आयडा बोलली. "माझीच चूक हाय. गेल्या साली बियाणं काढताना बाजारातलं कणीस मिसळलं असेल. डोळ्यांनी दिसत नाय मला आता नीट."

नमिताने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात समजावलं. बियाणंच गेल्या वर्षी मिसळलं असेल, तर ही झाडंच आतून मिश्र आहेत. मग पांढरा दाणाही वरून पांढरा, आत काय आहे ते सांगता येणार नाही. तपासायचं तर दोन महिने लागणार आणि पेरणी महिन्यावर आलेली. म्हणजे हा माल घेता येत नाही. ती म्हणाली, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मावशी, होतं असं. आयडा म्हणाली, बरोबर आहे तुझं, आता पुरे झालं, पुढच्या वर्षी पेरायचाच नाही. कोंबड्यांना घालीन सगळा. हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. तिचे डोळे ठणठणीत होते. सुईत दोरा अजून स्वतः ओवायची.

पण अल्फान्सोने उठून फक्त पायात चपला सरकवल्या.

मिरवणूक निघाली. बँड पुढे, मग पोरं, मग लुगडी नेसलेल्या बाया लोंब्या घेऊन. आयडाने कणीस दरवर्षीसारखं लोंब्यांना बांधलं होतं. अल्फान्सो तिच्या मागेच होता. त्याने पाहिलं, तिने कणसाची पिवळे दाणे जास्त असलेली बाजू छातीकडे वळवून धरली होती आणि त्यावर तळहात ठेवला होता. शेजारची पद्मजा, दरवर्षी मिरवणूक बघायला येणारी, तिच्या जवळ येऊन विचारू लागली, की काय गं, घेतला का तुझा मका केंद्राने? आयडा हसून म्हणाली, नाय गं, म्हातारी झाले, बियाणं मिसळलं माझ्या हातून. पद्मजाने चुकचुक केली.

ती चुकचुक अल्फान्सोला लागली. पाकिटावर नाव होतं त्याचं. फोन आला तेव्हा शाबासकी घेतली त्याने. आणि आता सगळ्या गावासमोर चूक पदरात घेऊन चालली होती ती. चर्चमध्ये फादर काय बोलले ते त्याला ऐकू आलं नाही. इतका शरमिंदा तो आयुष्यात कधी झाला नव्हता. आणि त्याहून वाईट गोष्ट त्याला तिथे बाकावर बसल्यावर सुचली, ती म्हणजे हा मका अजून वाचू शकत होता. दोष बियाण्याचा असेल तर पांढरे दाणे वाया. पण दोष या वर्षीच्या वाऱ्याचा असेल, तर गोष्ट वेगळी. स्वीटकॉर्न पिवळंच, त्याचा पराग जिथे जिथे पडला तो प्रत्येक दाणा पिवळाच होणार. म्हणजे पांढरा राहिलेला दाणा न् दाणा आईच्या मक्याचा, अस्सल. निवडून काढला की झालं. हे त्याने शेकडो पोरांना शिकवलं होतं. फक्त ते सांगायचं तर आधी दुसरी गोष्ट सांगावी लागणार होती.

जेवणं झाली. नमिता सगळ्यांचा निरोप घेऊन तीनच्या बोटीसाठी धक्क्याकडे गेली. अल्फान्सो मागोमाग निघाला. साठाव्या वर्षी धावत जाताना माणूस कसा दिसतो, याची त्याला फिकीर नव्हती. बोट लागलेलीच होती. नमिता रांगेत उभी होती, हातात रिकामी पाकिटं.

"मॅडम," तो म्हणाला, "मका मी लावला होता. स्वीटकॉर्न. चाळीस पावलांवर. बियाणं नाय मिसळलं तिचं."

नमिता रांगेतून बाहेर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही काढली आणि विचारलं, कधी पेरला. एक जुलै. तुरा कधी आला. त्याने सांगितलं. किती दिवस झडत होता. त्याने सांगितलं. त्या दिवसांत तुम्ही पाहिलं होतं का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, पाहिलं होतं, कोयता हातात होता. तिने तेही लिहून घेतलं. मागच्या रांगेतली माणसं ऐकत होती, त्यात गावातले दोघं होते. नमिताने वही मिटली आणि त्याच्याकडे बघायचं टाळून, पाण्याकडे बघत म्हणाली, "मग पांढरे दाणे चालतील."

"हो," अल्फान्सो म्हणाला. बोट सुटली. दोघं परत फिरले.

आयडा ओट्यावरच होती. सकाळची कणसं तशीच पडलेली. अल्फान्सो खुर्चीत न बसता खाली जमिनीवर बसला आणि त्याने बहिणीला सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नसतील, तिने हात वर केला.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "कोयता घेऊन उभा व्हतास चार दिवस. मी खिडकीतून बघत व्हते."

त्याने विचारलं, मग बोलली का नाहीस. त्यावर आयडाने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. ती म्हणाली, की मला वाटलं तुला माहीत असेल. तू एवढ्या पोरांना शिकवलंस, तू उभा राहून बघतोयस म्हणजे सगळं ठीकच असणार. सकाळी कणीस सोललं तेव्हा कळलं. पण तुझी सही होती त्या कागदावर, तुझ्या ऑफिसच्या बाईसमोर तुला खाली बघायला लावायचं होतं का मी?

अल्फान्सोला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. आयडा उठली, आतून उरलेली कणसं आणि परातींसारखी तीन ताटं घेऊन आली आणि एक त्याच्यापुढे सरकवलं. तिघं दाणे सोलायला बसले. पांढरे एकीकडे, पिवळे अल्फान्सोच्या ताटात, आणि जो दाणा पाहून जराही शंका येईल तोही त्याच्याच ताटात, असं नमिताने ठरवून दिलं. त्याचा हात अजून सराईत होता, पण आता त्याची नजर वर होत नव्हती.

पाचच्या सुमाराला दोन किलो पांढरे दाणे भरले आणि वर थोडे उरले, आयडाच्या पुढच्या पेरणीला. अल्फान्सोच्या ताटातला पिवळा ढीग त्यापुढे छोटाच होता. नमिताने जुना कागद फाडून नवा काढला आणि मांडीवर घेऊन भरू लागली. बियाण्याचं गाव, पेरणीची तारीख. वाण कोणी जपलं, या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. अल्फान्सो म्हणाला, आयडा लिहा. माझं नाव होतं तेही खोडा, त्या पंधरा वर्षांपूर्वीच्या पाकिटावरचं. तिने मान डोलावली आणि लिहिलं.

पुढचा रकाना तुऱ्याच्या दिवसांचा. "इथे पंचावन्न होतं," नमिता म्हणाली. "नक्की किती?"

ऑगस्टमध्ये तारखा मोजून तो आकडा अल्फान्सोला साधारण कळला होता. पण साधारणच. तो बहिणीकडे वळला.

"आयडाबाय, आपल्या मक्याला तुरा किती दिवसांनी येतो गं?"

आयडा उरलेले दाणे फडक्यात बांधत होती. गाठ पक्की करून तिने मान वर केली.

"पंचाहत्तर," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं मक्यात काढलीस, अल्फू. आज पयल्यांदा विचारलंस."

नमिताने आकडा लिहिला. अल्फान्सोने आपलं पिवळ्या दाण्यांचं ताट उचललं आणि कोंबड्यांकडे गेला.